वडाचा आडवा हात

मुलांनो, उजव्या हाताचं कोपर टेबलावर टेकवा आणि हात उभा धरा. बोटं वर, आढ्याकडे. आता कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत जेवढी उंची भरते ना, तेवढ्याच उंचीचं एक वडाचं झाड डोळ्यांसमोर आणा. रोपटं नव्हे हं, झाड! खोड जाड, सुरकुतलेलं, खाली मुळं पसरून बसलेलं. पारंब्या शिवणाच्या दोऱ्याएवढ्या, त्यातल्या दोन मातीत उतरून पार खांब झालेल्या. पानं तुमच्या अंगठ्याएवढी. त्या झाडाखाली एखादी मुंगी येऊन थांबली, तर दमलेला वाटसरू सावलीला बसलाय असं वाटावं.

दिसलं? आता हे झाड कुंभाराकडून करून घेतलेल्या एका उथळ, पसरट भांड्यात ठेवा. ते भांडं लोखंडी स्टुलावर, आणि स्टूल मुलुंड पूर्वेच्या एका दुमजली इमारतीच्या वरच्या गॅलरीत. साल १९८५. स्टुलाशेजारी दहा वर्षांची एक मुलगी उभी करा आणि तिच्या हातात छोटी झारी द्या. ही मीरा.

झाड मात्र मीराचं नव्हतं. ते शेजारच्या विमलाकाकूंचं.

विमला परब आणि जयवंत परब, दोघंही मालवणकडचे. जयवंतकाका भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. अठरा वर्षांपूर्वी इमारतीच्या पाण्याच्या टाकीला भेग पडली होती आणि त्या भेगेत हा वड उगवला होता. गवंडी तो उपटून फेकणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "फेकतंस कित्याक? माका दी." बोन्साय हा शब्द तेव्हा त्यांनी ऐकलासुद्धा नव्हता. कुंडी लहान होती, म्हणून झाड लहान ठेवायचं, इतकाच त्यांचा हिशेब. पुढे एका दिवाळी अंकात त्यांना चित्रं दिसली आणि त्या ओरडल्या, "अहो, बघा! जपानात पण माझ्यासारखी वेडी माणसं आहेत!"

मग काका कारखान्यातून जळलेल्या विजेच्या मोटरीतली तांब्याची तार आणू लागले. ती चुलीवर लाल करायची, थंड करायची, म्हणजे मऊ पडते. काकू ती फांदीला हलक्या हाताने गुंडाळत आणि फांदीला हवं तसं वळण देत. तार रुतायच्या आत काढायची. काढताना उलटी सोडवायची नाही, तुकडे करून कापायची. सोडवायला गेलं की फांदी पिळवटते. हे सगळं मीरा दोन वर्षं शेजारी उकिडवी बसून शिकली होती.

"चेडवा," काकू म्हणायच्या, म्हणजे पोरी, "झाडाक छत्री आसता. छत्रीभायर गेला, ता कापूचा. हात थरथरूचो नाय."

छत्री म्हणजे फांद्यापानांचा गोल घेर. मीरा मान हलवायची. तिच्या पाटीवरचा पहिला नियमच होता तो.

आणखी एक गोष्ट होती, झाडाची वही. स्टुलामागे खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेली. झाडाला काय केलं, कधी केलं, कोणी केलं, सगळं तिच्यात लिहायचं. काकूंचा दंडक असा, की चुकलं तर तेही लिहायचं. "झाडाक बोलता येणा नाय," त्या म्हणत. "मग त्याच्या वतीने कोणी तरी खरा लिवक नको?"

आता जपान या गोष्टीत कुठून आलं, ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी काकांच्या कारखान्यात जपानहून एक यंत्र आलं आणि ते बसवायला ओगावा नावाचे एक इंजिनियर आले. काकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. साहेब जिना चढून वर आले, गॅलरीत त्यांना वड दिसला, आणि झालं! साहेबांनी बूट काढले, गुडघे टेकले, डोळे झाडाच्या बुंध्याच्या उंचीवर आणले आणि ते तसेच बसून राहिले. तिखलं थंड झालं. काकू आतून काकांना खुणावतायत, "अहो, पोटात दुखतंय की काय त्यांच्या?" अर्ध्या तासाने साहेब उठले आणि काकूंसमोर कमरेत इतके वाकले, की काकूंनी घाबरून त्यांच्यापेक्षा खाली वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून दर जानेवारीत ओगावासाहेबांकडून एक कॅलेंडर यायचं. बारा महिने, बारा झाडं. आणि चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात पत्र आलं, की पुढच्या वर्षी नोव्हेंबरात क्योतो शहरात बोन्सायचं मोठं प्रदर्शन आहे, तुम्ही दोघांनी या. घाटकोपरला सुलक्षणाबाई म्हणून एक बाई राहत. त्यांच्या बंगलीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी बोन्सायवाल्यांची बैठक भरायची. त्यांनी बाराजणांचा जथा जमवायला घेतला. काकांना त्याच सुमारास निवृत्तीचे पैसे मिळायचे होते. "घराला रंग नंतर काढू," काका म्हणाले. "भिंती काय पळून जातात?"

काय ती तयारी! मीराचा शाळेतला जगाचा नकाशा काकांच्या भिंतीवर गेला आणि मुलुंडपासून क्योतोपर्यंत लाल लोकरीचा धागा ताणला गेला. जपानात दोन काड्यांनी जेवतात असं कळल्यावर काकूंच्या विणायच्या सुया घेऊन रोज संध्याकाळी चुरमुरे उचलायची शर्यत लागायची. मीरा पहिली, काकू दुसऱ्या. काकांच्या सुईतून चुरमुरा उडून थेट आमटीत.

"तुम्ही उपाशीच परत येणार," काकू म्हणायच्या.

"तू भरव ना तिथे. सगळ्या जपानासमोर."

"चला, काय तरीच!"

तळमजल्यावरच्या रतनने तर सांगूनच ठेवलं होतं, "काकू, मला घडीची छत्री आणा हां. आणि सुकट नेऊ नका, यार, विमान मध्येच खाली उतरवतील वासाने!"

झाड मात्र नेता येणार नव्हतं. माती-मुळांसकट झाड दुसऱ्या देशात नेऊ देत नाहीत. काकूंना त्याचं फार वाईट वाटलं. "ज्याच्यामुळे जायचं, तेच घरी," त्या म्हणाल्या. मग मीराकडे बघून हसल्या. "बरं झालं. चेडू असा ना बघूक."

दिवाळीनंतर काकूंना धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग बसल्या बसल्या. पौषात त्या हॉस्पिटलात होत्या. माघात काकू गेल्या.

जयवंतकाकांनी नकाशा काढला नाही, पण त्याच्याकडे बघायचंही सोडलं. विणायच्या सुया कपाटात गेल्या. जपानचं नाव कोणी काढलं, तर ते उठून आत जात. झाडाला पाणी मीराच घालायची, सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी. वहीला मात्र तिने हात लावला नाही. वहीत काकूंचं अक्षर होतं. पिशवी उघडली तर ते उडून जाईल, असं काहीसं तिला वाटायचं.

गुढीपाडव्याच्या आसपास ओगावासाहेबांचं पत्र आलं. सुलक्षणाबाई स्वतः ते घेऊन आल्या, वाचून मराठीत सांगायला. साहेबांनी लिहिलं होतं: प्रदर्शनात एक भिंत परदेशातल्या झाडांच्या फोटोंसाठी ठेवली आहे. वडाचा या वर्षीचा, मोठा, रंगीत फोटो समोरून काढून जून संपायच्या आत पाठवा. त्याखाली झाड वाढवणाऱ्या बाईंचं नाव लागेल.

काकांनी विचारलं, "कोणतं नाव?"

"विमला जयवंत परब," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आणखी कोणतं?"

काका भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. मग म्हणाले, "तिचं नाव एकटं जायला नको. मी जातो."

त्या दिवसापासून काका पुन्हा थोडे थोडे बोलू लागले. पासपोर्टचा अर्ज भरला. फोटोच्या दुकानातला नंदू वटपौर्णिमेनंतरच्या रविवारी येऊन झाडाचा फोटो काढणार, असं ठरलं. घरात आधीचे फोटो होते. पण ते लहान, काळे-पांढरे आणि सगळे वटपौर्णिमेचे. झाडाभोवती सूत गुंडाळलेलं आणि शेजारी लाजत उभ्या काकू. ते जपानला कसे पाठवणार?

हो, वटपौर्णिमा. तुम्हाला ठाऊक आहेच, त्या दिवशी बायका वडाला सूत गुंडाळतात आणि नवऱ्याला मोठं आयुष्य मागतात. मोठा वड लांब, देवळापाशी. तेव्हा इमारतीतल्या बायका दर वर्षी काकूंच्या वडाकडेच यायच्या. पण काकूंचा कायदा कडक! बायकांनी रांगेत यायचं. सूत सैल, एकीचं काढल्याशिवाय दुसरीने गुंडाळायचं नाही. हळदकुंकू झाडाला नाही, स्टुलाला. दूध तर अजिबात नाही. "तुमचो घोव शंभर वर्सां जगांदे, पण माझो वड मरूक नको," असं म्हणत काकू कात्री घेऊन पहारा करायच्या. पूजा झाली की छत्रीबाहेर आलेले चार-दोन शेंडे कापून प्रत्येकीच्या हातावर एकेक पान ठेवायच्या. स्वतःची पूजा त्या सगळ्यात शेवटी करत. आणि पूजा झाली की काका फोटो काढत.

या वर्षीच्या वटपौर्णिमेला शाळा उघडायला आठवडा होता. काका सकाळीच पासपोर्ट आणायला बाहेर पडले. जाताना मीराला म्हणाले, "बायका येतील. ती करायची तसंच करून दे त्यांना. नाही म्हणू नकोस. तिला आवडलं नसतं."

मीराने तसंच केलं. केस घट्ट बांधून काकूंची कात्री हातात घेतली आणि ती स्टुलाशी उभी राहिली. रतन आली, प्रेमाताई आली, मागच्या बाजूच्या दोघी आल्या. रतनने सवयीने कुंकवाची चिमूट बुंध्याकडे नेली, तशी मीरा कडाडली, "झाडाला नाही, स्टुलाला!"

"बाई बाई, विमलाकाकूच अंगात आली हिच्या," रतन म्हणाली. सगळ्या हसल्या आणि मग एकदम कोणाचंच हसू पुढे सरकेना. प्रेमाताईने पदराने डोळे टिपले.

मीराने काकूंसारखेच शेंडे कापले आणि एकेक पान वाटलं. बायका गेल्या.

सगळ्यांच्या मागून सुगंधावहिनी आली. ती गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहायची. तिच्या नवऱ्याचं, अनंतदादाचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर तो अंथरुणाला खिळून होता. वहिनी तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखी घाईत होती.

"मीरा, मला इथे थांबून पूजा नाही गं करता यायची. त्यांना उलट्या होतायत, एकटं सोडवत नाही. एखादं डहाळं देतेस? त्यांच्या उशाशीच पूजा करीन."

मीराने झाडाकडे पाहिलं. शेंडे तर वाटून झाले होते. वहिनीचे डोळे रडून रडून सुजले होते. हिला चांगलं द्यायला हवं, मीराला वाटलं. हिचा नवरा खरोखरच आजारी आहे. आणि तेवढ्यात, रोज पाहून डोळ्यांच्या सवयीची झालेली ती फांदी तिला जणू पहिल्यांदाच दिसली. डावीकडची, अगदी खालची. छत्रीच्या किती तरी बाहेर गेलेली, आडवी, लांबच लांब. काकू आजारी पडल्यापासून कोणी कापलीच नाही बहुतेक, मीरा मनात म्हणाली. छत्रीबाहेर गेलं, ते कापायचं. हात थरथरायचा नाही.

फांदी जाड होती. मीराने कात्री ठेवून काकूंचा कटर आणला. दोन्ही हातांनी दाबला. कट्!

पांढरा चीक भळभळला.

"अगं, एवढी मोठी?" सुगंधावहिनी दचकलीच.

"लांब झालेलं कापायचंच असतं," मीरा म्हणाली. अगदी काकूंच्या आवाजात.

दुपारी काका आले. जिन्यातूनच त्यांची हाक आली, "चेडवा!" माघापासून त्यांनी तिला अशी हाक मारली नव्हती. एका हातात बर्फीचा पुडा, दुसऱ्या हातात निळा पासपोर्ट. "बघ, बघ, फोटो बघ माझा! चोर वाटतो की नाही? जपानी पोलीस विमानतळावरच धरतील!" मीरा हसली. काकांनी तिच्या हातात बर्फी दिली आणि ते सहज स्टुलाकडे वळले.

तिथेच थांबले.

खोडाच्या डाव्या अंगाला रुपयाएवढी पांढरी जखम होती. आणि झाड... झाड एका बाजूला कलंडल्यासारखं दिसत होतं, कोणी आधार काढून घेतल्यासारखं.

"हात कुठे गेला?" काका म्हणाले.

मीराला आधी कळलंच नाही. तिने आपल्याच हाताकडे पाहिलं.

"वडाचा हात. आडवा हात तिचा. अकरा वर्षं..." काकांनी त्या जखमेवर बोट ठेवलं. "कोणी नेला?"

मीराने बर्फी मुठीत घट्ट धरली. बर्फी बोटांत विरघळून चिकट झाली होती. तिची नजर मात्र, तिला नको असताना, गॅलरीच्या टोकाकडे गेली. काकांनी ती नजर पाहिली.

"सुगंधा!" ते ओरडले. जयवंतकाका कोणावर ओरडल्याचं त्या इमारतीने कधी ऐकलं नव्हतं. दारं उघडली. सुगंधावहिनी धावत बाहेर आली. तिच्या मागे, उघड्या दारातून, अनंतदादाच्या उशाशी तांब्यात उभी केलेली ती फांदी दिसत होती. हळदकुंकू वाहिलेली, सूत गुंडाळलेली.

"नवऱ्याचं आयुष्य मागायला माझ्या बायकोचा हात तोडलास?"

"काका..."

"एक पान पुरलं नसतं तुला? आणि मिळतं काय गं त्या पूजेने? मिळतं काय? तिने अठरा वर्षं मागितलं याच झाडापाशी. मिळालं ना! मी आहे. हा बघ, धडधाकट आहे मी. ती कुठे आहे?"

वहिनीने वर पाहिलं, काकांच्या खांद्यावरून, दाराच्या चौकटीला चिकटून उभ्या मीराकडे. क्षणभरच. मग तिने मान खाली घातली.

"चुकलं माझं, काका," ती म्हणाली.

काका आत गेले आणि दार लागलं. थोड्या वेळाने ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन करायला गेले. सुलक्षणाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की माझं नाव काढा आणि फोटोही येणार नाही. वाण्याच्या दुकानात मीराची आई, जानकी, तांदूळ घेत होती. तिने घरी येऊन सांगितलं. "हात तुटलेलं झाड तिच्या नावाने लावू का, असं म्हणाले गं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं."

मीरा जेवली नाही. पोट दुखतंय, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेचं निर्माल्य घेऊन सुगंधावहिनी जिना उतरताना मीराने तिला गाठलं. फांदी वरच होती, थोडी मलूल, पण हिरवी.

"वहिनी, तू का सांगितलं नाहीस?"

वहिनी पायरीवर बसली आणि तिने मीराला शेजारी ओढलं. "वेडी आहेस का? मी चार दिवस वाईट झाले तर काही होत नाही. पण तू? त्या माणसाकडे आता तुझ्याशिवाय येतं तरी कोण? तू त्यांच्या मनातून उतरलीस तर त्यांनी बघायचं कोणाकडे?" तिने मीराची वेणी सारखी केली. "गप्प राहायचं. काय? मी बोलणार नाही, तू बोलायचं नाही."

"ही फांदी मला देशील?"

"घे. मला तिच्याकडे बघवत नाही."

मीरा फांदी फ्रॉकमध्ये गुंडाळून वर आली. गॅलरीत कोणी नव्हतं. काकांचं दार बंद. स्टुलावर वड तसाच, कलंडलेला. मीरा त्याच्यासमोर उकिडवी बसली, काकूंच्या शेजारी बसायची तशी. शेजारची जागा रिकामी होती. मग तिने खिळ्यावरची पिशवी काढली आणि माघापासून पहिल्यांदा झाडाची वही उघडली.

अक्षर उडून गेलं नाही. जिथल्या तिथे होतं, उजवीकडे झुकलेलं, काकू चालायच्या तसं.

"उजवीकडचं मूळ जास्त कापलं. आठ दिवस पानं गळत होती. चूक माझी. विमला."

"तार काढायला उशीर. सालीवर वण राहिला. चूक माझी. विमला."

"यांनी खत समजून राख घातली. चूक यांची, पण डब्यावर नाव मी लिहिलं नव्हतं, म्हणून माझीही."

मीराला हसू आलं आणि हसताना डोळे भरले. तिने पान उलटलं. अकरा वर्षांपूर्वीची नोंद होती:

"डावीकडची खालची फांदी छत्रीबाहेर जाऊ द्यायची. मुद्दाम. ही कधी कापायची नाही. पोर उंबऱ्याबाहेर पडू नये, म्हणून आई दारात हात आडवा धरते, तशी दिसते."

आणि शेवटचं पान. गेल्या दिवाळीचं. अक्षर वेडंवाकडं, मध्ये मध्ये थांबलेलं.

"मीरा छत्री छान राखते. हात थरथरत नाही. पण आडव्या हाताचं तिला अजून सांगितलं नाही. नियम आधी पक्का होऊ दे. पुढच्या पावसाळ्यात सांगायचं."

मुलांनो, त्या पानाखाली किती तरी जागा कोरी होती.

मीरा किती वेळ रडली, ते त्या वडालाच ठाऊक. रडताना तिला दोन गोष्टी आळीपाळीने दिसत होत्या. एक, काकांच्या जिन्यातल्या हाकेतलं ते "चेडवा". आणि दुसरी, मान खाली घातलेली सुगंधावहिनी. गप्प राहिलं, तर पहिली गोष्ट तिच्यापाशी राहणार होती. कोणी विचारणार नव्हतं. झाडाला बोलता येत नाही.

आणि मग मीरा उठली.

तिने बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. खिळ्याने त्याच्या तळाला भोकं पाडली. त्यात विटेचा चुरा आणि वाळू भरली, निम्मी निम्मी. फांदीवरचं सूत हलकेच कापलं. उलटं सोडवलं नाही. कुंकू पाण्याने धुतलं. वरची दोन पानं ठेवून बाकीची खुडली. खालचं टोक नव्याने छाटलं, चीक वाहू दिला, पुसला, वाळू दिला. वड फांदीपासूनही लागतो, पावसाच्या तोंडावर तर लागतोच, असं काकू म्हणायच्या. सगळ्याच फांद्या लागत नाहीत, असंही म्हणायच्या. मीराने फांदी चुऱ्यात रोवली आणि बोटांनी भोवताली दाबलं.

मग ती वही मांडीवर घेऊन बसली आणि पेन्सिलीने, काकूंच्या अक्षराखाली, लिहू लागली.

"वटपौर्णिमा. डावीकडची खालची फांदी कापली. सुगंधावहिनीने नाही. तिने एक डहाळं मागितलं होतं. फांदी मी कापली. मला माहीत नव्हतं की"

इथे ती थांबली. तिने मागची पानं पुन्हा चाळली. काकूंनी "चूक माझी" असं सात ठिकाणी लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं, असं एकाही ठिकाणी नाही. मीराने खोडरबर आणलं, ते शेवटचं वाक्य खोडलं, कागदावरचा भुसा फुंकला आणि लिहिलं:

"चूक माझी. मीरा. फांदी डब्यात लावली आहे. लागेल की नाही, माहीत नाही."

डबा तिने एका कुशीत घेतला. वही, तेच पान उघडं ठेवून, दुसऱ्या हातात. जयवंतकाकांच्या दारापाशी ती गेली. आतून नळाचा आवाज येत होता, भांडं ठेवल्याचा आवाज आला. तिचे दोन्ही हात भरलेले होते आणि आता ते चांगलेच थरथरत होते. म्हणून तिने कपाळानेच दार दोनदा वाजवलं, आणि आत पावलं वाजू लागली तरी ती तिथून हलली नाही.